एवढंसंच दिलं होतं: आंब्याच्या दिवसांत आजारी पडलेल्या सशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातलं चौथ्या मजल्यावरचं घर. आजी, आई, बाबा, अकरा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा पांढरा नर ससा. सशाला इथे कापूस म्हणू या. घरच्यांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तोच ठेवला आहे.

माझा दवाखाना मुख्यतः कुत्र्या-मांजरांचा. ससे महिन्याला चार-पाच येतात, तेही बहुतेक नखं कापायला. कापूस त्यांतलाच. फेब्रुवारीत आला होता तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला, "खातो काय?" आई म्हणाल्या, "सगळं खातो डॉक्टर. गवत, गाजर, खाद्याच्या गोळ्या, थोडं फळ." मी कार्डावर लिहिलं, "आहार ठीक." वजन केलं नाही, कारण ससा घाबरलेला होता आणि बाहेर दोन कुत्री भुंकत होती. हे कार्ड पुढे पुन्हा निघणार आहे.

त्या घरात सशाला सुकं गवत ऑनलाइन मागवत. टिमोथी नावाचं, परदेशातून येणारं, महाग. मे महिन्यात ते पार्सल रखडलं आणि आठ दिवस घरात गवताची काडी नव्हती. त्या जागी वाडग्यात रंगीबेरंगी मिश्र खाद्य वाढवलं गेलं. मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया आणि सुक्या फळांचे तुकडे असलेलं हे खाद्य दुकानात सशाचं चित्र लावून विकतात, म्हणून लोकांना ते सशाचं जेवणच वाटतं. ससा त्यातलं गोड तेवढं वेचून खातो आणि बाकीचं तसंच टाकतो.

बाहेर पारा चाळिशीला टेकलेला. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो प्रामुख्याने कानांतून बाहेर टाकतो आणि तिशीच्या वर तापमान गेलं की मलूल होऊन पसरतो. एसी आईबाबांच्या खोलीत, ससा हॉलमध्ये पंख्याखाली.

आणि अशात रत्नागिरीहून आत्या आली. दोन मुलं, दोन पेट्या हापूस.

काय घडलं

शनिवारी दिवसभर घरात आंबे चिरणं चालू होतं. रविवारी सकाळी मुलीला पिंजऱ्याजवळ फरशीवर काळपट, चिकट, द्राक्षांच्या छोट्या घोसासारखं काहीतरी दिसलं. बाबांनी पुसून टाकलं. "जुलाब झाले वाटतं" म्हणाले.

ते जुलाब नव्हते. सशाच्या आतड्यात दोन प्रकारच्या लेंड्या तयार होतात. एक कोरड्या, गोल, वाटाण्याएवढ्या, त्या आपल्याला दिसतात. दुसऱ्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या. त्या ससा गुदद्वारापाशी तोंड नेऊन थेट खातो आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. निरोगी सशाच्या घरात या दुसऱ्या लेंड्या सहसा कुणाच्या नजरेला पडत नाहीत. त्या फरशीवर पडून राहिल्या तर त्याचा अर्थ असा, की आहारात तंतू कमी आणि साखर-पीठ जास्त झालंय, किंवा ससा इतका जाड झालाय की त्याचं तोंड तिथवर पोचत नाही. कापसाच्या बाबतीत दोन्ही खरं होतं.

दुपारी त्याने वाडग्याकडे बघितलं नाही, पण भाच्याने हातात धरलेली आंब्याची फोड मात्र खाल्ली. हा क्षण या प्रकरणात फार महागात पडला. "खातोय की!" असं म्हणून सगळे निश्चिंत झाले. पोट बिघडू लागलेला किंवा दात दुखणारा ससा पुष्कळदा गोड, मऊ घास घेतो आणि गवत, गोळ्या सोडून देतो. म्हणजे त्याने काय खाल्लं यापेक्षा काय सोडलं हे आधी बघायला हवं होतं.

चार वाजता कापूस सोफ्यामागे अंग आवळून, पोट फरशीला दाबून बसला. दात करकर वाजत होते. सकाळपासून एकही कोरडी लेंडी नव्हती. मला फोन आला रात्री ८.४० ला.

फोन येण्याआधीचे निर्णय

चार ते पावणेनऊ या वेळात घरात काय काय बोलणं झालं ते मी नंतर सविस्तर विचारून घेतलं, कारण प्रकरणाची अर्धी दिशा तिथेच ठरली होती.

आजींचं मत ओव्याचं पाणी द्यावं. आत्याने बाळांचे पोटातल्या वाऱ्याचे थेंब सुचवले, ते दिलेही. त्यांनी फारसा अपाय होत नाही, पण थांबलेलं आतडं त्याने सुरू होत नाही आणि काहीतरी केल्याच्या समाधानात एक तास गेला. शेजारच्या काकांनी घरातलंच, मुलीच्या घशासाठी आणलेलं अँटिबायोटिक सिरप अर्धा चमचा द्या असं सांगितलं. बाटली उघडली होती. मुलीने इंटरनेटवर वाचून आईचा हात धरला.

त्या सिरपमध्ये अमॉक्सिसिलिन होतं. माणसाच्या लेकराला चालणारं हे औषध सशाच्या तोंडात गेलं तर जीव घेऊ शकतं. सशाच्या आतड्याच्या मोठ्या पिशवीत, म्हणजे सीकममध्ये, कोट्यवधी उपयोगी जंतू गवताचे तंतू आंबवत असतात. पेनिसिलिन गटातली औषधं आणि क्लिंडामायसिन तोंडावाटे दिली की हे जंतू मरतात आणि त्यांच्या जागी विष तयार करणारे जंतू माजतात. या कुटुंबाने त्या दिवशी चुका केल्या, पण सगळ्यात मोठी चूक एका अकरा वर्षांच्या मुलीमुळे टळली.

बाबांचं म्हणणं, सकाळपर्यंत वाट बघू. कुत्र्याच्या बाबतीत एक जेवण चुकलं तर मीही तेच सांगतो. सशाला मात्र सलग दहा-बारा तास अन्न नाही आणि लेंडी नाही म्हणजे तातडीची वेळ. त्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच सरकावं लागतं आणि सरकणं थांबलं की वायू धरतो, वायूने दुखतं, दुखण्याने तो खात नाही, न खाल्ल्याने आतडं आणखी थंडावतं. या चक्राला डॉक्टरी भाषेत जीआय स्टॅसिस म्हणतात.

दवाखान्यात

साडेनऊला पोचले. वजन २.३६ किलो. मागच्या वर्षीच्या जुन्या नोंदीत १.९ होतं. तापमान ९९.६ अंश फॅरनहाइट. सशाचं नेहमीचं तापमान १०१ ते १०४. आजारी सशाचं अंग गार लागणं हे मला तापापेक्षा जास्त घाबरवतं. पोट तट्ट, पण दगडासारखं नव्हे. हात लावला की दात खायचा.

आता मुख्य प्रश्न: आतडं नुसतं मंदावलंय की कुठे अडकलंय? केसांचा घट्ट गोळा, आंब्याच्या कोयीचा तंतूंचा पुंजका, काहीही अडकू शकतं. मे महिन्यात ससे केस गाळतात, भाच्यांनी त्याला कोय चाटायला दिली होती, त्यामुळे शंका घ्यायला जागा होती. अडकलं असेल तर भरवणं घातक, शस्त्रक्रिया लागू शकते. मंदावलं असेल तर भरवणं हाच उपचार.

माझ्याकडे एक्स-रे नाही. जिथे आहे तो दवाखाना पाऊण तासावर, आणि सशाला त्या उकाड्यात गाडीतून नेणं म्हणजे आणखी ताण. मी माणसांच्या ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर बघितली. सशांमध्ये हा साधा, उपयोगी निकष आहे. भीतीने आणि दुखण्याने साखर दोनशेच्या आसपास जाते, आतडं अडकलेलं असेल तर बहुधा ३६० च्या वर. कापसाची आली २१४. पोट हाताला गोल, ताणलेल्या फुग्यासारखं लागत नव्हतं. म्हणून मी औषधोपचाराची बाजू घेतली, आणि दोन तासांत तापमान वर आलं नाही किंवा साखर चढली तर एक्स-रेला न्यायचं असं घरच्यांना सांगून ठेवलं.

मग क्रम असा: टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशव्या. कातडीखाली कोमट सलाइन. दुखणं थांबवणारं इंजेक्शन. हे सगळ्यात आधी, कारण दुखतंय तोवर आतडं हलत नाही. तापमान १०१ च्या वर आल्यावर आतड्याची हालचाल वाढवणारं औषध. मध्यरात्री साखर १८० ला उतरलेली दिसली तेव्हा कुठे पहिला घास, साध्या गोळ्या पाण्यात भिजवून केलेली पातळ पेज, सिरिंजने, गालाच्या कडेने, एका वेळी थेंब-थेंब. आजी दवाखान्यातच बसून होत्या. "अहो, माझ्या हाताने खाईल तो," म्हणाल्या. खाल्लंही. मी देत होतो तेव्हा निम्मं माझ्या बाहीवर आलं होतं.

पहाटे ४.१० ला पहिली लेंडी. मिरीएवढी, वेडीवाकडी, केसाने दुसरीला जोडलेली. मुलीने फोनवर त्याचा फोटो मागवून घेतला. लेंडीच्या फोटोवर घरभर आनंद होतो, हे सशाच्या घरातच समजतं.

सोमवारी अकराच्या सुमारास बाबांनी देवपूजेसाठी आणलेल्या दुर्वा त्याच्यासमोर धरल्या आणि त्याने आपणहून चार काड्या चावल्या. मंगळवारी संध्याकाळी घरी गेला.

ताटलीतला हिशोब

घरी सोडण्याआधी मी सगळ्यांना समोर बसवलं आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवला होता तो टेबलावर ठेवला. "शनिवारी सशाला कोणी काय दिलं?"

प्रत्येकाचं उत्तर एकच. "मी एवढंसंच दिलं होतं."

तेव्हा मी एक ताटली पुढे केली आणि म्हटलं, आपापलं एवढंसं यात ठेवा. आजींनी आंब्याची एक फोड ठेवली. मुलीने केळ्याच्या तीन चकत्या. बाबांनी एक खजूर, रोज संध्याकाळी चहाबरोबर स्वतः दोन खातात त्यातला. आत्याच्या मुलांनी आंब्याची आणखी एक फोड. आईंनी गाजराचा तुकडा, स्वयंपाक करताना हातात होता तो. काट्यावर आंबा ६० ग्रॅम, केळं २५, खजूर ८, गाजर २०. एकूण ११३ ग्रॅम.

आंब्यात शंभर ग्रॅमला साधारण १४ ग्रॅम साखर, केळ्यात १२, खजुरात ६० च्या वर, गाजरात पाच. बेरीज सतरा ग्रॅमच्या वर. सव्वादोन किलोच्या प्राण्याला. वजनाच्या सरळ हिशोबाने साठ किलोच्या माणसाने एका दिवसात चारशे ग्रॅमच्या वर साखर खावी तसं. हा हिशोब शास्त्राला धरून नाही, ससा आणि माणूस यांचं पचन वेगळं. पण ताटलीसमोर कुणी त्यावर वाद घातला नाही.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम सांगितली, कारण सगळा दोष आंब्यावर जाऊ लागला होता. आंबा निमित्त झाला. आठ दिवस गवत नसणं हे मूळ. गवताचे लांब, न पचणारे तंतू सशाचं आतडं सतत हलतं ठेवतात, आणि आयुष्यभर वाढणारे त्याचे दात गवत चावूनच झिजतात. गवत भरपूर असतं तर तो आंबा कदाचित निभावून गेला असता. वर उकाडा, पाहुण्यांचा गोंगाट, केसगळती, वाढलेलं वजन. यांतलं नेमकं कशाने किती झालं हे मला सांगता येणार नाही.

पुढचे पर्याय

पहिला पर्याय, फळ कायमचं बंद. वैद्यकीय दृष्टीने यात काही चूक नाही. सशाला फळाची गरज नसते, फळातून मिळणारं सगळं त्याला गवतातून आणि पाल्यातून मिळतं. मीही आधी हेच सांगणार होतो. पण आजींचा चेहरा बघितला. "म्हणजे आम्ही खायचं आणि लेकरानं बघत बसायचं?" मला कळलं, मी बंदी घातली तर फळ बंद होणार नाही, माझ्यापासून लपवलं जाईल. आणि लपवलेलं फळ मोजता येत नाही.

दुसरा पर्याय, प्रत्येकाला प्रमाण शिकवणं. पाच जणांना एक चमचा म्हणजे किती ते समजावलं तरी पाच चमचे होतात. गडबड अज्ञानाची नव्हतीच. देणारे अनेक आणि मोजणारा कुणी नाही, अशी होती.

शेवटी ठरलं ते असं. पहिले तीन आठवडे फळ अजिबात नाही. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी, एक चहाचा चमचा फळ, एका छोट्या स्टीलच्या वाटीत, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात. ज्याला द्यायचं असेल त्याने त्या वाटीतलंच द्यायचं. वाटी रिकामी असेल तर कुणीतरी दिलेलं आहे. एका वेळी एकच फळ, म्हणजे बिघडलं तर कशाने ते समजेल.

कोणतं फळ? पपई, सफरचंद, पेरू, स्ट्रॉबेरीचा तुकडा चालतो. सफरचंदाच्या बिया काढून, कारण त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. केळं आणि द्राक्ष क्वचित, चकतीभर किंवा अर्धा दाणा. आंबा मोसमात एकदा-दोनदा, नखाएवढा, सालीशिवाय, कोय कधीच नाही. खजूर, मनुका, सुकवलेली कुठलीही फळं बाद, पाणी उडून गेल्याने त्यांत साखरच उरते. अॅव्होकॅडो या घरात येत नव्हता, तरी सांगून ठेवलं, तो सशाला विषारी आहे. डबाबंद फळ, रस, मुरांबा हे विचारूही नका म्हटलं तेव्हा आजी हसल्या, म्हणजे मुरांबा होऊन गेला असावा.

आणि गाजर. सशाला गाजर म्हणजे जेवण ही समजूत चित्रांनी आपल्या डोक्यात इतकी घट्ट बसवली आहे की गाजर कुणी फळांत मोजत नाही. मी त्याला वाटीतच टाकलं. गाजराचा पाला मात्र रोज चालेल. तसंच कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला. सशाला लाड आणि जेवण यातला फरक कळत नाही. पुदिन्याची एक काडी हातातून दिली तरी तो पळतच येतो, हे आजींना सोमवारनंतर पटलं.

रंगीत खाद्य बंद करून साध्या गोळ्या, दिवसाला दोन मोठे चमचे. पाहुण्यांच्या आणि उन्हाच्या दिवसांत ससा एसीच्या खोलीत. गवताचा प्रश्न बाबांनी सोडवला. घोड्यांना सुकं गवत पुरवणारा एक व्यापारी गाठून पंधरा किलोचं पोतं आणलं, परदेशी पार्सलच्या मानाने फारच स्वस्त. गच्चीवरच्या खोलीत ते पोतं आहे आणि निम्मं झालं की पुढचं सांगायचं, वाट बघायची नाही. ओल्या हरळीचं काम आजींनी स्वतःहून घेतलं. हरळी म्हणजेच आपल्या गणपतीच्या दुर्वा. सोसायटीच्या लॉनवर औषध फवारतात म्हणून तिथली नको, फुलवाल्याकडून जुड्या आणून धुवायच्या.

काय वेगळं करता आलं असतं

घरच्यांच्या बाजूने दोन जागा. रविवारी सकाळी फरशीवर मऊ लेंड्या दिसल्या तेव्हाच फोन झाला असता तर बहुधा रात्र जागावी लागली नसती. आणि गवत संपलं त्या दिवशी भाजीवाल्याकडचा मुळ्याचा पाला, फुलवाल्याकडच्या जुड्या, काहीही हिरवं तंतुमय घरात आणता आलं असतं. सशाचं गवत फक्त पार्सलमधून येतं अशी समजूत झाली होती.

माझ्या बाजूने जास्त. फेब्रुवारीतलं ते कार्ड. "आहार ठीक" लिहिताना मी "थोडं फळ" या दोन शब्दांना हटकलं नाही. थोडं म्हणजे किती, कोण देतं, घरात माणसं किती, एवढं विचारायला दोन मिनिटं लागली असती. वजन केलं असतं तर ते वाढत चाललेलं बहुधा तेव्हाच दिसलं असतं. आता सशाचं कार्ड वजनाशिवाय पुढे जात नाही, कुत्री कितीही भुंकोत.

एक्स-रे न काढता रात्र काढण्याचा निर्णय बरोबर निघाला, पण तो बरोबर निघाला म्हणून बरोबर होता असं मी म्हणणार नाही. साखर २१४ ऐवजी ३०० आली असती तर मी अधांतरी असतो. आज अशीच केस आली तर स्थिर करून, गारव्यात, त्याच रात्री एक्स-रेला पाठवण्याकडे माझा कल राहील.

पुढे काय झालं

ऑगस्टअखेर वजन २.०५ किलो. मऊ लेंड्या फरशीवर दिसणं बंद. गणपतीत प्रसादाचं केळं दिलं गेलं, आजींनीच कबूल केलं, "अर्धी चकती हो, आणि त्या आठवड्यात वाटी भरली नाही." हिशोब लागला.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी साडेदहाला आजींचा फोन. रोज पाच जुड्या ठेवतात, आज तीन तशाच पडून आहेत. मी विचारलं, "वाटीतली पपई खाल्ली का?"

"पपई खाल्ली डॉक्टर. म्हणूनच फोन केला. पपई खाल्ली आणि जुडी सोडली."

अर्ध्या तासात घेऊन आल्या. खालच्या दाढेला आतल्या बाजूने टोक आलं होतं, ते जिभेला टोचत होतं. भूल देऊन घासून काढलं. संध्याकाळी घरी जाताना कापूस पाटीतल्या टॉवेलावर बसून पाचवी जुडी खात होता.